आमची वाटचाल: लोहचुंबक चिकटला नाही

फोंड्याला कुर्टीत बाबांचं गॅरेज होतं. पोर्तुगीज काळात आलेल्या मर्सिडीज १८० डी १९६१ नंतरही कित्येक वर्षं गोव्यात टॅक्सी म्हणून धावत होत्या. त्यांचे क्लच आणि पंप उघडण्यातच बाबांचा जन्म गेला. ते गेल्यावर मी गॅरेज चालवून बघितलं, पण नव्या गाड्यांत माझा जीव रमेना. गिऱ्हाइकं मात्र दुसराच प्रश्न घेऊन यायची: "अमुक जुनी गाडी मिळतेय, किती द्यावेत?" चहा पाजून फुकट सल्ला देता देता तोच धंदा झाला. आता मी, बाबांच्या वेळचा डेंटर आणि कागदपत्रं बघणारी माझी बहीण, एवढीच आमची कंपनी.

सुरुवातीच्याच वर्षातली ही चूक. म्हापशाच्या एका डॉक्टरांकडे लाल एमजीए होती, इंग्लंडच्या एमजी कंपनीची दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार. एक व्यापारी त्या बदल्यात फियाट ११०० आणि वर रोख द्यायला तयार होता. डॉक्टरांनी किंमत ठरवायला मला बोलावलं. मी खिशातून लोहचुंबक काढला. मडगार्डला टच्चकन बसला. दाराला लावला तर घसरून खाली. दुसऱ्या दाराचंही तेच. बॉनेट इंजिन बघायला उघडलेलं, त्याला लावलाच नाही. मी तोंड वाकडं करून म्हटलं, "डॉक्टर, दोन्ही दारांत लांबी भरलीय, म्हणजे पुट्टी. पत्रा गेलाय." आणि दोन लाख कापले. व्यापारी शेजारीच उभा होता. तो गप्प बसला. आता कळतं की त्याला माहीत होतं.

पुढे काही महिन्यांनी बेळगावात एक एमजीए पूर्ण खोललेली बघितली. दारावरचा रंग खरवडला होता आणि खाली चकचकीत पांढरा ॲल्युमिनियम! एमजीएची दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण यांचा वरचा पत्रा कारखान्यातूनच ॲल्युमिनियमचा असतो. लोहचुंबक चिकटणार कसा? नुसती टिचकी मारली असती तरी कळलं असतं, कारण लांबीचा आवाज बसका येतो.

मी म्हापशाला गेलो, घेतलेली फी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा वर केला. "मग त्या दोन लाखांचं बिल कोणाला पाठवू, तुला?" फी त्यांनी ठेवून घेतली. बरोबरच केलं.

त्यानंतर ठरवलं की गाडी कुठली, ते आधी वाचायचं आणि मगच हात लावायचा. एमजीएचा सांगाडा, म्हणजे चेसिस, वेगळा, त्यावर बॉडी बसवलेली, आणि पायाखालच्या फळ्या चक्क प्लायवुडच्या. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा, त्यामुळे त्या फळ्या कुजणारच. पण फळ्या बदलणं सोपं. खालची चेसिस गंजाने खाल्ली असेल तर खरा खर्च. तिच्यानंतरची, १९६२ ला आलेली एमजीबी, तिला वेगळी चेसिसच नाही. तिचा भार दाराखालच्या पट्टीवर असतो. ती पट्टी गंजून वरून रंगवलेली असेल, तर जॅक लावून गाडी उचलल्यावर दाराची फट बदलते, कधी दार अडकतं. आमचा डेंटर म्हणतो, रंगाकडे बघू नये, फटींकडे बघावं. रंग चार दिवसांत मारता येतो.

इंजिनाचा किस्सा तर खास आपल्या देशातला. एमजीए १५०० चं इंजिन १४८९ सीसी. आपल्या अँबेसेडरचंही कित्येक वर्षं १४८९ सीसीच, कारण दोघांचं घराणं एक: इंग्लंडच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीचं बी सिरीज. मूळ इंजिन निकामी झालं की अँबेसेडरचं टाकायचं. वरवर बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. विकणारा छातीवर हात ठेवून "ओरिजिनल पंधराशे" म्हणतो आणि सीसीपुरतं ते खोटंही नसतं! म्हणून इंजिनावरचा नंबर वाचायचा. एमजीए १५०० च्या नंबरात १५ जीबी किंवा १५ जीडी ही अक्षरं हवीत. शिवाय एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर जागेवर आहेत का तेही बघायचं. जास्त पैशांचा व्यवहार असेल तर माझी बहीण इंग्लंडमधल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून दाखला मागवते. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा इंजिन कुठल्या नंबरचं आणि रंग कुठला, हे जुन्या रजिस्टरातून काढून देतात.

कागद हा तिचा प्रांत. किनाऱ्याकडच्या परदेशी गाड्यांपासून सावध राहा, हे ती सगळ्यांना सांगते. कार्नेवर, म्हणजे कस्टम ड्युटी न भरता गाडी थोड्या काळासाठी आणायच्या परवान्यावर, आणलेली गाडी परत न्यायची असते; कस्टमचं निस्तरल्याशिवाय ती आपल्या नावावर होत नाही. गाडी कितीही देखणी असो, अशा गाडीची किंमत आम्ही लिहूनच देत नाही. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणीची सोय केली. त्यात जुना नंबर ठेवता येतो. आपल्या लोकांना गोव्याच्या जुन्या, जीडीए अक्षरांच्या नंबरचं काय वेड आहे ते विचारू नका. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिन बरंच बदललेलं असेल तर ही नोंदणी अडते. म्हणजे अँबेसेडरचं इंजिन तिथेही आडवं येतं.

अदलाबदलीत मात्र गाडीपेक्षा माणसं जास्त फसवतात. समोरचा म्हणतो, तुमचे वीस, माझे पंधरा, वर पाच देतो. ऐकायला छान वाटतं. त्याची गाडी बाजारात दहाचीच असेल, तर तुमची पंधरालाच गेली. आम्ही दोन्ही गाड्या वेगवेगळ्या बघतो. आज एखाद्या तिऱ्हाइताने रोख मोजून घेतली तर किती देईल, त्यातून दुरुस्ती वजा करतो आणि फक्त फरक सांगतो. फी आधी ठरलेली. टक्केवारी घेतली तर आकडा आपोआप फुगतो, माझाही फुगेल.

डॉक्टरांची ती लाल एमजीए गेल्या पावसाळ्याआधी आमच्याकडे पुन्हा आली, तिसऱ्या मालकाची म्हणून. तो मडगावचा तरुण गाडीतून उतरला आणि मी काही बोलायच्या आत खिशातून लोहचुंबक काढून दाराला लावला. "बघा, अंकल, लांबी भरलीय ना?" डेंटर आत जाऊन हसत बसला. मी त्या मुलाला खुर्ची दिली आणि चहा सांगितला.