कॉर्नेयचं निळं मांजर आणि कोल्हापूरचा मामा

नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमशेजारच्या आम्स्टलव्हेनला राहायला आलो तेव्हा घराजवळ कोब्रा म्युझियम आहे असं कळलं आणि मला खरंच वाटलं की सापांचं असणार. तसं नाही, कोपनहेगन, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम यांची आद्याक्षरं जोडून केलेलं नाव आहे ते, १९४८ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत काही चित्रकारांनी काढलेला ग्रुप. कारेल अपेल, कॉन्स्टंट, कॉर्नेय वगैरे. अपेलने १९४९ ला ॲमस्टरडॅमच्या सिटी हॉलच्या कँटीनमध्ये भिंतीवर चित्र काढलं तर तिथल्या कर्मचाऱ्यांना ते बघत जेवण जाईना, म्हणून दहाएक वर्षं त्यावर वॉलपेपर चिकटवून ठेवला होता! मला मात्र कॉर्नेय आवडला. पक्षी, मांजरं, बायका, ऊन, सगळं भडक आणि मोकळं.

तर एका जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत त्याचं स्क्रीन प्रिंट (जाळीतून शाई ओढून छापलेलं चित्र) दिसलं, निळं मांजर आणि लाल पक्षी, खाली पेन्सिलने सही, २२० युरो. विकणारे आजोबा फोनवर म्हणाले फ्रेम कधीच उघडलेली नाही. मी उत्साहात घेतलं आणि वाऱ्यात सायकलवर घरी आणलं (हा मूर्खपणा करू नका, एका पुलावर तर मी चित्रासकट कालव्यात जाणार होते).

घरी आल्यावर शंका सुरू. सही छापलेली असेल तर? एकूण किती प्रतींपैकी ही कितवी, तो नंबर पण कुठे दिसेना. माझ्या मामाचं कोल्हापुरात लग्नपत्रिकांचं स्क्रीन प्रिंटिंग आहे, चाळीस वर्षं तेच करतोय, त्याला व्हिडिओ कॉल केला. इकडे स्क्रीन प्रिंटला झेफड्रुक म्हणतात, झेफ म्हणजे चाळणी, हे सांगितल्यावर तो खूष, "बरोबर हाय की, जाळीच असती ती!"

मग म्हणाला, "अगं, काचेवरनं काय कळतंय, उघड आधी. आणि भिंग लाव." मागची टेप पिवळी पडून कडक झालेली, ती सोडवायला अर्धा तास गेला. भिंगातून बघितलं तर रंग सलग, कुठेही ठिपके नाहीत. मामाचं म्हणणं, ऑफसेटचं, म्हणजे मशीनवर छापलेलं पोस्टर असतं तर चार रंगांचे बारीक ठिपके दिसले असते, स्क्रीनमध्ये शाई कागदावर थर होऊन बसते, तिरकं धरलं की कळतं. धरलं तिरकं, खरंच थर होता. मांजराच्या शेपटीपाशी लाल रंग केसभर सरकून निळ्यावर गेलेला, ते बघून मामा एकदम व्यावसायिक आवाजात, "रजिस्ट्रेशन हललंय, रंगावर रंग बरोबर बसला नाही. पण हाताचं काम हाय." सही उजेडात तिरकी धरल्यावर पेन्सिलीची ती राखाडी चकाकी दिसली आणि कागदाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं तर हलकासा उठाव लागला. छापील सहीला हे दोन्ही नसतं. यावरून सही हाताने केलीय एवढंच कळतं, कोणी केलीय ते नाही, म्हणून म्युझियममध्ये जाऊन तिथल्या चित्रांवरच्या सह्याही निरखून आले.

आता नंबर. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, खाली दडलेला असणार म्हणून ते काढलं, तर ६१/१५० असं काही नाहीच, नुसतं ई. ए. लिहिलेलं. झालं, फसले असं वाटलं. नंतर वाचलं की ते फ्रेंच एप्रव्ह दार्तिस्तचं लघुरूप, म्हणजे ठरलेल्या संख्येबाहेर चित्रकारासाठी काढलेल्या प्रती. मामाला सांगितलं तर त्याला त्यात नवल वाटलं नाही, "पाचशे पत्रिकांच्या ऑर्डरला मी पण पंधरा-वीस जास्तीच्या काढतोच की."

खरं दुखणं दुसरंच निघालं. जुन्या स्वस्त माउंटमधल्या ॲसिडने चित्राच्या चारही बाजूंना तपकिरी रेघ उठलेली. फ्रेमवाल्या बाई म्हणाल्या हे कागद साफ करणाऱ्या तज्ज्ञाचं काम, खर्च प्रिंटच्या किमतीपेक्षा जास्त होईल, त्यापेक्षा नवीन ॲसिड-फ्री माउंटखाली झाका. मी झाकलं. जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने फक्त वरच्या कडेला लावतात, म्हणजे हवेतल्या ओलीने कागद फुगला-आकसला तरी चुरगळत नाही. खळ म्हटल्यावर मला आजीच्या पतंगांची आठवण आली. उन्हातले अतिनील किरण अडवणारी यूव्ही काच घेतली, आणि काच शाईला टेकू द्यायची नाही, चिकटते. तीन आठवडे आणि १८५ युरो. टेप आणि माउंट न तपासता घेतल्याचा हा दंड समजा.

आता ते पॅसेजमध्ये लावलंय, कारण हॉलमध्ये उन्हाळ्यात रात्री साडेनऊपर्यंत ऊन येतं. मामाने परवा कॉलवर रंग मोजले, सात निघाले, म्हणजे सात जाळ्या, सात वेळा ओढायचं, प्रत्येक वेळी वाळवायचं. मग विचारलं, कितीला पडलं? मी २२० सांगितले. फ्रेमचे सांगितलेच नाहीत.