मागील भागात आपण पाहिलंत...
हे शब्द ऐकू आले की आमच्याकडे रिमोटची शोधाशोध सुरू होते आणि मी दरवेळी सांगते की राहू दे ना, मिनिटभराचं तर आहे. मला हा रिकॅप, म्हणजे आधीच्या भागांची झटपट उजळणी, मनापासून आवडतो.

नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये स्किप इंट्रोचं बटण आणलं, आता रिकॅपलाही तसंच बटण असतं. सलग चार एपिसोड बघताना ते दाबलं तर ठीकच आहे, आत्ताच पाहिलेलं कोण विसरतंय. पण नव्या सीझनच्या आधी? स्ट्रेंजर थिंग्जचा चौथा सीझन २०२२ ला आला आणि पाचवा थेट नोव्हेंबर २०२५ ला, म्हणजे तीन वर्षांहून जास्त गॅप, एवढ्या काळात कोण कुणावर का चिडलं होतं ते कसं लक्षात राहणार!

माझी तक्रार वेगळी आहे. एखाद्या सिरीजमधला दोन सीझन गायब असलेला भाऊ रिकॅपमध्ये दोन सेकंद दिसला की संपलंच, आज तो येणार हे आपल्याला कळलेलं असतं, मग शेवटच्या सीनला दार वाजतं, म्युझिक चढतं, सगळे पात्रं दचकतात आणि आपण मात्र पस्तीस मिनिटं त्याचीच वाट बघत बसलेलो असतो. लिहिणाऱ्याने इतकं जपून ठेवलेलं सरप्राइज सुरुवातीलाच फुटलं याचं मला खरंच वाईट वाटतं. त्याची आठवण आदल्याच एपिसोडमध्ये बोलता बोलता करून द्यावी, नाहीतर रिकॅपमध्ये आणखी तीन-चार जुने धागे सोबत टाकावेत म्हणजे नेमका कुठला आज कामाचा ते कळत नाही. थोडक्यात काय, काय दाखवायचं याच्याइतकंच काय झाकायचं हेही एडिटरला कळायला हवं.

म्हणूनच हे काम एआयला दिलं तेव्हा मला पटलं नव्हतं. प्राइम व्हिडिओने २०२५ मध्ये असे व्हिडिओ रिकॅप सुरू केले आणि भविष्यात घडणाऱ्या फॉलआउट या सिरीजच्या रिकॅपमध्ये २०७७ मधला फ्लॅशबॅक चक्क १९५० च्या दशकातला म्हणून सांगितला, लोकांनी चूक दाखवल्यावर डिसेंबरमध्ये तो काढावा लागला. जुन्या वळणाचे कपडे-गाड्या बघून तसं वाटू शकतं, पण ज्याने ती सिरीज जीव लावून पाहिलीय त्याच्याकडून ही चूक होणारच नाही, कारण ते २०७७ असणं हाच तर त्या गोष्टीचा पाया आहे.