खांब कललेला आहे की फोटो?

लेण्यांच्या अभ्यासक्रमाचे पहिले दोन महिने वर्गातच जातात. तलविन्यास (जमिनीवरचा आराखडा), चैत्यगवाक्ष (नालाकृती कमानीची खिडकी), वेदिकापट्टी (कठड्याच्या नक्षीची पट्टी), हर्मिका (स्तूपाच्या माथ्यावरची चौकट) ही परिभाषा, ब्राह्मीची अक्षरओळख आणि पडद्यावर फोटो. भाजे, बेडसे, कार्ले ही मावळातली तिन्ही चैत्यगृहं (स्तूप असलेली बौद्ध प्रार्थनागृहं) पडद्यावर एकाच साच्यातली वाटतात. खरा फरक खांबांच्या कलण्यात आहे. लाकडी बांधकामात कमानी छताचा रेटा बाहेर जातो, म्हणून खांब आत कलते ठेवत. तीच सवय दगडात उतरली. भाज्यात (इ.स.पू. दुसरं शतक) हा कल ठळक, बेडशात कमी, कार्ल्यात खांब जवळपास सरळ. पण कॅमेरा वर रोखला की सरळ खांबही आत झुकलेले दिसतात. त्यामुळे या बाबतीत फोटोवर विसंबून चालत नाही.

म्हणून प्रत्यक्ष मोजायला जाताना आम्ही सोबत ओळंबा (दोऱ्याला टांगलेलं वजन), ३० मीटरची टेप, आलेखकागद, होकायंत्र आणि टॉर्च नेला. ओळंबा खांबाच्या मध्यमार्गाकडच्या (खांबांच्या दोन रांगांमधल्या जागेकडच्या) बाजूला धरायचा आणि दोरा ते खांब हे अंतर खाली एकदा, दीड मीटरवर एकदा मोजायचं. इथेच पहिली चूक होते. अष्टकोनी खांब वर निमुळता असेल तर ते अंतर वर वाढतं आणि कल झाकला जातो. म्हणून भिंतीकडच्या बाजूनेही तेच माप घ्यायचं. दोन्हीकडे अंतर सारखंच वाढलं तर खांब नुसता निमुळता. मध्यमार्गाकडे घटलं आणि भिंतीकडे वाढलं तर तो नक्की कललेला. भाज्याचं चैत्यगृह समोरून उघडं आहे, वाऱ्याने लंबक हलत राहतो. तो पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवला की दोरा स्थिर होतो.

बेडसे पूर्वाभिमुख आहे. तिथले दर्शनी भव्य स्तंभ आणि त्यांच्यावरची प्राण्यांवर बसलेली जोडपी सकाळच्या उन्हातच नीट रेखाटता येतात, दुपारी सगळं सपाट होतं. कार्ले पश्चिमाभिमुख, तिथे दुपारनंतर जावं. एकवीरेच्या यात्रेचे आणि नवरात्राचे दिवस मात्र टाळावेत, टेप पसरायला जागा मिळत नाही.

शिलालेखावर टॉर्च समोरून मारू नये. भिंतीला जवळजवळ टेकवून, तिरपा, आधी डावीकडून आणि मग वरून धरावा. बेसॉल्टमधली वायूची बारीक छिद्रं हुबेहूब अनुस्वारासारखी दिसतात. छिद्राची कड ओबडधोबड असते, छिन्नीच्या टिंबाची नेटकी. खडू किंवा पाणी लावून अक्षरं उठवणं पूर्ण वर्ज्य. कार्ल्यातल्या लेखात वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीने (धनिक व्यापाऱ्याने) हे शैलगृह ‘जंबुद्वीपात उत्तम’ म्हटलं आहे. ते अक्षर अक्षर लावत स्वतः वाचणं आणि वर्गात लिप्यंतर पाहणं यांत फार अंतर आहे.

कार्ल्यात खांब मोजताना बहुतेकांचा आकडा ३० येतो. प्रत्येक बाजूला १५, पायाशी घट, माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती. नजर तिथेच खिळते. वर पाहिलं तर छताच्या फासळ्या मूळ लाकडाच्याच आहेत. स्तूपामागच्या अंधारात आणखी ७ उभे आहेत, साधे अष्टकोनी, ना घट ना शीर्ष. टॉर्च घेऊन मागे गेल्याशिवाय नकाशा ३७ खांबांचा होत नाही.