एका साइटवर दोन थीम: दिवाळी अंकाच्या हट्टापायी

आमच्या छोट्या मासिकाची साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट चालवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, आहे. संपादक म्हणाले, "साइट आहे तशीच राहू दे, फक्त दिवाळी अंक वेगळा दिसायला हवा." मी हो म्हणून बसलो. वर्डप्रेसमध्ये एका वेळी एकच थीम (साइटच्या रूपाचा साचा) चालू असते हे ठाऊक होतं, पण त्याची झळ बसायची होती.

पहिल्या रात्री नवी थीम सरळ चालत्या साइटवरच लावून पाहिली. (हसू नका.) मेनू विस्कटला, बाजूच्या पट्टीतली विजेटं (छोट्या चौकटी) निष्क्रिय यादीत जाऊन पडली, कस्टमायझरमध्ये (रूप बदलायच्या पडद्यावर) वर्षभर साठवलेलं सीएसएस, म्हणजे मांडणीचे नियम, दिसेना. घाम फुटला. जुनी थीम परत लावल्यावर सीएसएस आलं, मेनूही आला. या गोष्टी प्रत्येक थीमच्या नावाने वेगळ्या साठवलेल्या असतात, हे तेव्हा उमगलं.

चालू थीम कोणती, हे डेटाबेसमधल्या 'टेम्प्लेट' आणि 'स्टाइलशीट' या दोन नोंदींवरून ठरतं. वाचकाने दिवाळी अंकाचा पत्ता उघडला, तर त्या नोंदींऐवजी आपण नव्या थीमचं नाव पुढे करायचं, एवढंच काम. त्यासाठी फिल्टर, म्हणजे वाटेत नोंद बदलणारा छोटा कोड, लिहिला आणि थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये टाकला. काही फरक नाही! ती फाइल वाचली जाईपर्यंत थीम ठरून गेलेली असते. अक्षता पडल्यावर मुलगी बघायला जाण्यातला प्रकार. मग कोड एमयू-प्लगिन्सच्या (आपोआप चालू होणाऱ्या जोड-प्रोग्रॅमच्या) फोल्डरमध्ये हलवला, कारण प्लगिन थीमच्या आधी चालतात.

तरीही ढिम्म. इथे दोन संध्याकाळी गेल्या. चूक कोडमध्ये नव्हती, आमच्या मराठीप्रेमात होती. पत्ता आम्ही हौसेने देवनागरीत ठेवला होता, '/दिवाळी-अंक/' असा. ब्राउझर तो टक्क्याच्या चिन्हांची माळ करून पाठवतो आणि मी तुलना करत होतो देवनागरी अक्षरांशी. आधी ती माळ डीकोड करून पुन्हा देवनागरीत आणली, आणि पान झळकलं.

झळकलं म्हणजे काय, शीर्षकाची शिरोरेषा जागोजागी तुटलेली. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीमने अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडली होती. ते लेटर-स्पेसिंग शून्यावर आणलं, ओळींतलं अंतर वाढवलं, तेव्हा कुठे वेलांट्यांना श्वास घेता आला. जुन्या कथांमध्ये मात्र चौकटी कंसातले शॉर्टकोड (ज्यांच्या जागी साइट आपोआप मजकूर भरते त्या खुणा) उघडे पडले होते, कारण ते जुन्या थीमने पुरवलेले होते. ते वेगळ्या प्लगिनमध्ये नेले. खरं तर हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

अंक निघाला. आठवड्याने संपादकांचा फोन: "ज्येष्ठ वाचकांसाठी मोठ्या अक्षरांची तिसरी थीम करू या का?" मी सपशेल नकार दिला. पत्ता तोच ठेवून प्रत्येकाला वेगळी थीम द्यायला गेलो, तर कॅश (तयार पानांचा साठा) एकाचं पान दुसऱ्याला वाढणार. शिवाय नुसता अक्षरांचा आकार बदलायला थीम कशाला? वरच्या कोपऱ्यात 'अ+' असं बटण दिलं, मागे चार ओळींचं सीएसएस.