जरा आत सरका

'इम्पॅक्ट' नावाचा फॉन्ट तुम्ही पाहिलेला आहे. फोटोत तोंड वाकडं केलेलं मांजर, वर एक ओळ, खाली एक ओळ, पांढरी जाडजूड अक्षरं आणि त्यांना काळी कड. तोच तो. विरार लोकलमधल्या माणसांसारखी ही अक्षरं अंग चोरून पण ताठ उभी असतात.

जेफ्री ली या इंग्रज माणसाने ती काढली आणि १९६५ साली शेफिल्डच्या स्टीफन्सन ब्लेक कंपनीने ती बाजारात आणली, तीही छापखान्यातल्या धातूच्या खिळ्यांत. तेवढ्याच जागेत जास्तीत जास्त शाई कागदावर उतरावी, हा लीसाहेबांचा हिशेब. म्हणून त्यांनी इंग्रजीची लहान अक्षरं इतकी उंच केली की ती जवळजवळ मोठ्यांच्या खांद्याला लागली. 'e'च्या पोटातली पोकळी तर निव्वळ फट उरली. मथळ्याला झकास; पण यात कुणी अख्खा परिच्छेद टाइप केला, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांची धडगत नाही.

पुढे १९९६ साली मायक्रोसॉफ्टने वेबसाठी फुकट वाटलेल्या मोजक्या फॉन्टांत याची वर्णी लागली आणि तो घरोघरी पोचला. मीमवाल्यांना आणखी काय हवं? फोटो उजळ असो की काळपट, पांढरं अक्षर आणि काळी कड, दोघांपैकी एक तरी उठून दिसतंच. बारीक अक्षराला अशी कड दिली, तर कडच अक्षराला खाऊन टाकते.

आपल्या लिपीत मात्र अक्षरं उंच आणि अरुंद करायची लीसाहेबांची युक्ती जशीच्या तशी चालत नाही. 'कर्तृत्व' लिहून बघा. एकाच 'त'च्या डोक्यावर रफार आणि पायाशी ऋकार. अक्षराचं धड उंच करत नेलं, तर या मंडळींना उभं कुठे करायचं? दोन ओळींत अंतर वाढवावं, तर वाचवलेली जागा तिथेच गेली. रुंदी कमी करायची तरी पंचाईत आहेच. 'र' आणि 'ग' गुणी, लगेच आत सरकतात. 'क' दोन्हीकडे पसरलेला. 'ण'ला तर तीन उभ्या रेषा, सरकणार तरी कोण?

इंडियन टाइप फाउंड्री या कंपनीच्या 'टेको' नावाच्या देवनागरी फॉन्टमध्ये यावर चांगला तोडगा दिसतो. तिथे गोलाईला जवळजवळ रजा दिली आहे. वळणं चौकोनी, रेषा सगळीकडे साधारण सारख्या जाडीची. गूगलवर तो फुकट मिळतो. तरी आपल्या फ्लेक्सच्या दुकानांत वेगळाच मार्ग चालतो: नाव मावत नाही ना, मग कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये माउसने कडेला धरून आत ढकला. असं दाबलं की उभे दंड काडीएवढे होतात आणि शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते. अक्षरं डोक्यावर फळी घेऊन उपाशी उभी असल्यासारखी दिसतात. खरं तर दंडाची जाडी राखायची आणि फक्त पोटं आवळायची असतात; पण ते काम फॉन्ट काढणाऱ्याचं, माउसचं नव्हे.

ऑपरेटरला तरी काय बोलणार? भाऊंचा फोटो मोठा हवा, साहेबांचा त्याहून मोठा हवा आणि खालच्या शुभेच्छुकांपैकी एकाचंही मुंडकं कमी करायची सोय नाही. त्यातून वाढदिवस कुणा ज्ञानेश्वरभाऊंचा असला, की तो आधी चहा मागवतो.