निसरड्या केसांचा अंबाडा: मृगापासून गणपतीपर्यंत

माझे केस कमरेच्या खाली पोचलेत, पण वेणी घातली की शेपटाला जेमतेम करंगळीएवढी जाडी उरते. एकेक केस बारीक, सरळ आणि गुळगुळीत. अंबाडा घालून आरशात पाहावं तर सुरेख, आणि गंगापूर रोडवर स्कूटी सिग्नलला थांबेपर्यंत तो मानेवर उतरलेला. ज्यांचे केस असेच आहेत त्यांच्यासाठी ही या पावसाळ्याची नोंद. उद्दिष्ट एकच ठेवलं होतं: कमरेला ढोल बांधून पूर्ण सराव झाला तरी अंबाडा जागचा हलायला नको. नाशिकच्या पथकात वाजवणाऱ्या बायकांना कळेल हे किती मोठं मागणं आहे ते.

जून

पिना सगळ्या डब्यात टाकल्या आणि नुसत्या वेढ्यांवर लक्ष दिलं. बैलाचा कासरा खुंटाला दोनदा गुंडाळला की लहान पोरसुद्धा बैल धरून ठेवतं; अंबाड्यातही तेच घर्षण काम करतं. याचं गणित ठरलेलं आहे. घर्षणगुणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात त्याचं माप) ०.२ धरला, तर एक पूर्ण वेढा धरणाऱ्या जोराच्या साधारण ३.५ पट ओढ पेलतो, दोन वेढे १२ पट आणि तीन वेढे तब्बल ४३ पट. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटली ती अशी, की या सूत्रात खुंटाची जाडी येतच नाही. येतात ते फक्त वेढे आणि घर्षण. म्हणजे गाभा जितका बारीक, तितके त्याच लांबीच्या केसांत जास्त वेढे बसणार.

बाजारात मिळणारा स्पंजचा डोनट माझ्या केसांवर का टिकत नाही, ते इथे उलगडलं. तो अंबाडा मोठा दाखवतो, पण सगळी लांबी एकदीड वेढ्यातच संपते. आता मी रबरबँडच्या अगदी लगत, बोटाएवढ्या जागेत पहिला वेढा घट्ट घेते आणि बाकीचे त्याच्याभोवती. अंबाडा लिंबाहून थोडा मोठा होतो, एवढंच. मला तो तसाच आवडायला लागलाय.

जुलै

वेढे झाले, राहिलं घर्षण. केसाच्या बाहेरच्या थरावर एकमेकांवर चढलेले खवले असतात आणि त्यांच्या कडा टोकाकडे वळलेल्या असतात. मुळाकडून टोकाकडे बोट फिरवा, केस गुळगुळीत लागतो; उलट फिरवा, किंचित खरखरीत. कंडिशनर आणि सिलिकॉनचं सीरम या कडांवर थर देतं, म्हणून केस मऊ होतात आणि निसटतातही. मी कंडिशनर कानाच्या खालीच लावते, मुळांकडे अजिबात नाही. आठवड्यातून एकदा शिकेकाई-रिठ्याने धुते. केसांना थोडा कोरडेपणा येतो आणि तोच हवा असतो. ज्या दिवशी सराव त्याच्या आदल्या दिवशी न्हायचं, त्याच दिवशी नाही. भरपूर तेल चोपडून अंबाडा घालणं मी बंद केलं. बारीक केस तेलाने चप्प बसतात आणि आख्खा गोळा सरकतो. टोकांना दोन थेंब पुरतात, कारण बारीक टोकं एकत्र राहिली की ती शेवटच्या वेढ्याखाली नीट खोचता येतात.

मोकळे केस गुंडाळण्यापेक्षा आधी तिपेडी वेणी घालून मग गुंडाळणं कितीतरी बरं. वेणीच्या पेडांमुळे पृष्ठभाग ओबडधोबड होतो आणि एक वेढा दुसऱ्यात अडकतो. त्यातही आजीच्या पिढीची युक्ती सगळ्यांवर मात करते: वेणीत लोकरीची आगवळ, म्हणजे केसांच्या पेडांसोबत गुंफायचा गोफ, घालायची. लोकर निसरडी नसते, केसांना धरून राहते, आणि पातळ वेणीला जाडीही येते. काळी लोकर घेतली तर बाहेरून कळतही नाही. पावसाळ्याची दमट हवाही माझ्या बाजूने होती. ओलसर केसांचं घर्षण वाढतं, म्हणून जुलैतलं यश थंडीत तसंच मिळेल असं मी धरून चालत नाही. नाशिकच्या थंडीत हवा इतकी कोरडी होते की कंगवा लावला तरी केस उडतात.

ऑगस्ट

आता केसांत खोचायचे आकडे. माझ्या मते चापाच्या पिना आपल्या केसांसाठी दुय्यम. खरं काम यू आकाराचे आकडे करतात. अंबाड्यात सरळ खुपसलेला आकडा फक्त अंबाड्यालाच धरतो, डोक्याला नाही, आणि मग दोघंही मिळून घसरतात. आकड्याची टोकं आधी बाहेरच्या दिशेला ठेवायची, अंबाड्याच्या कडेचे थोडे केस उचलायचे, मग टोकं डोक्याला टेकवून तिथले थोडे केस उचलायचे, आणि आता आकडा उलटवून अंबाड्याच्या मध्याकडे सारायचा. उलटवताना हलका ताण जाणवला पाहिजे. दुखलं तर काढून परत घालायचा. असे चार, चार बाजूंना. चापाची पिन लावायचीच तर तिची नागमोडी बाजू डोक्याकडे हवी.

लाकडी काडीचं तंत्रही हेच: बाहेरचा वेढा, डोक्यालगतचे केस, उलटवणं, आणि गाभ्याखालून पलीकडे. ओळखीच्या सुताराकडून शिसवीची एक करून घेतली आणि त्याला मुद्दाम पॉलिश करू नका म्हणून सांगितलं. भांडी बाजारातून घेतलेली पितळी काडी दिसायला देखणी, पण माझ्या केसांतून हळूहळू खाली येते. ती जाड केसांच्या मैत्रिणीला देऊन टाकली.

काडीची परीक्षा पांडवलेणीच्या पायऱ्यांवर घेतली. चढताना काहीच झालं नाही. उतरताना प्रत्येक पायरीला डोक्याला हिसका बसतो, तरी काडी जागच्या जागी होती. ढोलाला मात्र आकडेच. शेजारची टिपरू (ढोल वाजवायची काठी) उडवत असताना डोक्यात टोकदार काडी नको.

गणपती

विसर्जनाची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते. नऊवारी, फेटा नाही, आगवळ घातलेल्या वेणीचा अंबाडा, चार आकडे, वर बारीक जाळी. सराफ बाजाराजवळून घेतलेला जुईचा गजरा अंबाड्यावर न ठेवता त्याच्या मुळाशी बांधला, म्हणजे भिजून जड झाला तरी ओढ बुडाशी पडते. मध्येच जोराची सर आली. गोदाकाठी पोचेपर्यंत गजऱ्याची निम्मी फुलं गळली होती आणि अंबाडा तसाच होता. माझ्या बारीक केसांचा! शेजारच्या काकूंनी हात लावून पाहिला आणि विचारलं, गंगावन कुठून घेतलंस?

एक गोष्ट काळजीने सांगते. टिकाव म्हणजे घट्टपणा नाही. रोज त्याच जागी ताणून बांधलं तर मुळांवर ओढ बसून कपाळाच्या कडेचे केस विरळ होऊ शकतात. भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या तर अंबाडा सोडायचा. मी एक दिवस उंच, एक दिवस मानेपाशी अशी जागा बदलते. हेल्मेटच्या दिवशी मानेपाशीच.

पुढे गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी खोपा घालायचाय. तोवर लोकरीऐवजी सुती आगवळ आणि थंडीतली कोरडी हवा, दोन्ही तपासून घेईन. सुती आगवळ कुणी वापरत असाल तर तिची जाडी किती ठेवता ते नक्की सांगा.