चांगला आवाज बिघडवायचा डबा

फझ पेडल म्हणजे पायाने दाबायचा एक डबा, इलेक्ट्रिक गिटारचा चांगला भला आवाज पदरचे पैसे घालून बिघडवायची सोय. घरच्यांना हे पटवून देणं सर्किट जोडण्यापेक्षा अवघड आहे. तयार पेडल विकत मिळतंच, पण एखाद्याचं झाकण उघडून आत पाहिलं की हात शिवशिवायला लागतात. सगळ्यात सोप्या फझमध्ये एक ट्रान्झिस्टर, एक डायोड, एक रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि व्हॉल्यूमचा एक पॉट (आवाज कमी-जास्त करायची फिरती खुंटी), बस्स. वर नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. पुण्यात तापकीर गल्लीत हे सगळं चहा-भज्यांच्या खर्चात होतं. दुकानदाराचा मात्र आपल्या एका रेझिस्टरसाठी खोका उघडायचा मूड असावा लागतो.

आत जे घडतं ते अगदी साधं आहे. तारेच्या कंपाचा इवलासा विद्युतप्रवाह ट्रान्झिस्टर वाढवतो. पण त्याच्या हातात नऊच व्होल्ट. लाट त्याहून उंच जाऊ पाहते आणि तिचा माथा छाटला जातो. गोल लाट सपाट झाली की मूळ सुरात नसलेले किंवा अगदी पुसट असलेले वरचे स्वर ठळक होऊन बाहेर पडतात. तोच तो खरखरीत, दाटलेला आवाज.

आपल्याला तरी याचं नवल वाटू नये. मिरजेत तंबोऱ्याची जवारी (तारेतला तो झंकार) लावणारे कारागीर घोडीचा माथा घासून घासून असा उतार आणतात की तार सुटताना त्याला किंचित चाटत राहावी. वर तारेखाली सुताचा जीव सरकवायचा, तो रेसभर पुढे-मागे करायचा. तार स्वच्छ वाजू नये म्हणून हा सगळा खटाटोप! ते लाकडावर करतात, इथे ट्रान्झिस्टर करतो. मला तरी ही दोन्ही कामं एकाच घराण्यातली वाटतात.

फझचा जन्मही बिघाडातूनच झाला. अमेरिकेत नॅशव्हिलला १९६०-६१च्या सुमारास एका ध्वनिमुद्रणात मिक्सिंग टेबलचा एक चॅनेल खराब झाला आणि त्यातून गेलेलं बास गिटार गुरगुरू लागलं. तो तुकडा तसाच ठेवला गेला. लोकांना आवडला, तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडीने तोच बिघाड ट्रान्झिस्टरांनी पुन्हा घडवून आणला. १९६२मध्ये गिब्सन कंपनीने मेस्ट्रो नावाने तो डबीत भरून बाजारात आणला. सुरुवातीला खप बेताचाच होता. १९६५मध्ये रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडने तो वाजवला आणि मग दुकानांतून मागणी सुरू झाली.

सर्किटपेक्षा मला जास्त आवडली ती जॅकमधली, म्हणजे केबल खुपसायच्या खाचेतली, एक युक्ती. गिटारची केबल मोनो, पण पेडलच्या इनपुटला जॅक मात्र स्टिरिओ, म्हणजे एक पत्ती जास्त असलेला, लावतात. बॅटरीची काळी वायर त्याच्या मधल्या पत्तीला जोडायची. केबल आत गेली की पिनेचा लांबलचक दांडा ती पत्ती आणि ग्राउंड (सर्किटची सामाईक जोडणी) दोन्हींना टेकतो आणि सर्किट पुरं होतं. केबल काढली की बॅटरी बंद. वेगळा स्विच नको, वेगळा खर्च नको. ज्याला कुणाला हे सुचलं असेल, त्याचं बालपण नक्की काटकसरीच्या घरात गेलं असणार.

पायाने दाबायचा स्विच मात्र जिवावर येतो. खाली नऊ पाय, तीन-तीनच्या ओळीत, एकमेकांना खेटून. एक रांग सिग्नल आत नेते, दुसरी बाहेर आणते, तिसरी फक्त छोटा दिवा लावते. सोल्डरिंग आयर्न एका पायावर जरा रेंगाळलं की आतलं प्लास्टिक मऊ पडतं. म्हणून आधी वायरचं टोक कल्हई केल्यासारखं शिशात भिजवून घ्यायचं आणि मग नुसतं टेकवायचं. डबा धातूचाच हवा आणि ग्राउंडला जोडलेला हवा, नाहीतर ट्यूबलाइटचीसुद्धा गुणगुण ऐकू येते. स्वयंपाकघरातल्या एका स्टीलच्या डब्याला बारा मिलिमीटरचं भोक पडलं ते यापायी. त्यावर आईचं म्हणणं मी इथे लिहीत नाही.

खरी परीक्षा शेजारच्या काकांपुढे. त्यांची हयात रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात गेली. मी स्विच दाबला, एक तार छेडली. ते लक्षपूर्वक ऐकत राहिले.

"अरे, आवाज असा झाला की लोक माझ्याकडे सेट घेऊन यायचे. आणि तू मुद्दाम केलास?"

मग त्यांनी पॉट स्वतः फिरवून पाहिला. कुठला ट्रान्झिस्टर घातलास, विचारलं. सिलिकॉन म्हटल्यावर नाक मुरडलं आणि माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढायला लावली. जुन्या रेडिओंतून काढलेले जर्मेनियमचे एसी १२८ ट्रान्झिस्टर तिच्यात पडून होते. साठच्या दशकातल्या बऱ्याच फझला असेच लागायचे, पण यांची खोड अशी की उकाडा वाढला की आतली विजेची गळती वाढते आणि आवाज बदलतो. पुण्याच्या मे महिन्यात यांचं कसं निभावणार, मी विचारलं.

"संध्याकाळी वाजव," काका म्हणाले, आणि मल्टिमीटर घेऊन एकेक मोजायला बसले.